सेन्सर घेण्याआधी निर्णय ठरवा

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत आणि बारामती, कोल्हापूरच्या उसात छोटे सौर पॅनेल लावलेले पांढरे खांब आता नवलाचे राहिलेले नाहीत. खांबावर हवामान केंद्र, मुळांपाशी ओलावा मोजणारे सेन्सर आणि थोड्या थोड्या वेळाने मोबाइलवर येणारे आकडे. विक्रेते बांधापर्यंत येतात, शेजारच्या गावात कोणीतरी यंत्रणा बसवलेली असते, शासनाची धोरणेही त्याच दिशेने चालली आहेत. मग आपणही बसवावे का, हा विषय घरात निघतोच.

माझे उत्तर आधीच सांगतो. जरूर बसवा. पण सेन्सर निवडण्याआधी एका कागदावर लिहा की त्याच्या आकड्यावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात. शेतात रोज घ्यायचे असे निर्णय मुख्यतः तीन: आज पाणी किती वेळ द्यायचे, फवारणी आज करायची की थांबायचे, आणि शेताच्या कोणत्या भागाकडे आधी लक्ष द्यायचे. यांपैकी एकही निर्णय ज्या आकड्याने बदलत नाही, तो आकडा कितीही अचूक असला तरी त्यावर पैसे घालवू नका.

अलीकडे काय बदलले?

गेल्या काही वर्षांत तीन आघाड्यांवर मोठी प्रगती झाली आहे.

पहिली आकाशात. युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून पिकांची छायाचित्रे टिपत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये या मालिकेतला नवा उपग्रह सोडण्यात आला. ही छायाचित्रे कोणालाही मोफत मिळतात. त्यानंतर ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोटाहून झेपावला. तो कॅमेऱ्याऐवजी रडार वापरतो. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात आणि रात्रीही काम करतात. आपल्याकडे खरिपात ढगांमुळे साधे उपग्रह जवळजवळ आंधळे होतात, म्हणून निसारचे महत्त्व आपल्याला अधिक. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परततो, आणि जमिनीतल्या ओलाव्याचा अंदाज हे त्याच्या कामांपैकी एक आहे.

दुसरी हवामान अंदाजात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ मे २०२५ मध्ये हवामान विभागाने वापरात आणली. पूर्वी १२ किलोमीटरच्या चौकटीसाठी निघणारा अंदाज आता ६ किलोमीटरच्या चौकटीसाठी निघतो. तालुक्याच्या एका टोकाला पाऊस आणि दुसरे टोक कोरडे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरी जमिनीत. मुंबईच्या आयआयटीमध्ये ग्राफीन ऑक्साइडचा थर दिलेल्या सूक्ष्म ओलावा-सेन्सरवर काम झाले आहे. उद्देश असा की सेन्सर लहान व्हावा, स्वस्त व्हावा आणि लवकर प्रतिसाद देणारा असावा. पुण्यातील त्याच हवामानशास्त्र संस्थेच्या आवारात वैश्विक किरणांवर चालणारे ओलावामापक बसवलेले आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात. पाण्यातला हायड्रोजन त्यांचा वेग कमी करतो, म्हणून जमिनीलगत वेगवान न्यूट्रॉन किती उरले हे मोजले की आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातल्या ओलाव्याचा सरासरी अंदाज मिळतो. हे महागडे संशोधन-यंत्र आहे, शेतकऱ्याने घ्यायचे नाही. पण उपग्रहाचे आकडे जमिनीवर ताडून पाहण्यासाठी अशीच साधने लागतात.

या सगळ्याची सांगड घालण्याचा प्रयत्न बारामतीत चालू आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात सेन्सर, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोडणी केली. त्यामागची कल्पना मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील रणवीर चंद्र यांच्या गटाने आधी मांडली होती. शेतात मोजकेच सेन्सर लावायचे, वरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधाराने मधल्या जागा भरून काढायच्या आणि सगळ्या शेताचा नकाशा तयार करायचा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली, त्यामुळे असे प्रयोग येत्या काळात वाढतील. ते आपल्या बांधावर येतील तेव्हा आपण तयार असायला हवे.

पहिला निर्णय: पाणी किती वेळ?

जमिनीतला ओलावा दोन प्रकारे मोजता येतो आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

एक प्रकार विचारतो: मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो? टेन्शिओमीटर आणि जिप्समयुक्त दाणेदार सेन्सर या गटातले. त्यांचा आकडा सेंटीबारमध्ये येतो. आकडा जितका मोठा तितकी जमीन कोरडी. साधारण १० सेंटीबारच्या खाली जमीन चिंब असते, १० ते ३० मध्ये पुरेसा ओलावा असतो, मध्यम जमिनीत ३० ते ६० च्या दरम्यान पाणी देण्याची वेळ येते आणि भारी जमिनीत ती ६० ते १०० पर्यंत लांबू शकते. ठिबकवर आपण रोज किंवा एकाआड एक दिवस पाणी देतो, त्यामुळे आकडे या पट्ट्याच्या खालच्या बाजूलाच राहायला हवेत.

टेन्शिओमीटर साधा आणि भरवशाचा आहे. पाण्याने भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र सिरॅमिकची वाटी आणि वर मापक एवढाच त्याचा संसार. क्षारांमुळे त्याचा आकडा बिघडत नाही. पण साधारण ८० सेंटीबारच्या पुढे त्यात हवा शिरते आणि तो बंद पडतो. म्हणून त्यात उकळून गार केलेले पाणी भरावे आणि पातळी आठवड्यातून एकदा तरी पाहावी.

दुसरा प्रकार विचारतो: मातीत पाणी किती टक्के आहे? हे कपॅसिटन्स सेन्सर. मोबाइलला जोडलेल्या अनेक यंत्रणांत हेच असतात. पाणी, माती आणि हवा यांच्या विद्युत गुणधर्मांतला फरक ते मोजतात. डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीच्या खनिजांचा ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. त्यामुळे पाणी थोडे वाढले तरी आकडा उडी मारतो. पण याच कारणाने सेन्सरभोवती हवेची एखादी पोकळी राहिली तर आकडा खोटाच कमी येतो, आणि क्षारपड जमिनीत स्वस्त सेन्सरचा आकडा खोटाच जास्त येतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या क्षारपड शेतांत कपॅसिटन्स सेन्सर घेताना ही गोष्ट आधी विचारा.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने टेन्शिओमीटर किंवा दाणेदार सेन्सर घ्यावा असे मला वाटते. त्याचा आकडा थेट वेलीच्या अडचणीबद्दल बोलतो. कपॅसिटन्स सेन्सर घेतला तर त्याला आपल्या मातीची ओळख करून द्यावी लागते.

बसवणी: इथेच निम्मे यश ठरते

महागडा सेन्सर चुकीच्या पद्धतीने गाडला तर त्यापेक्षा हाताने माती दाबून पाहिलेली बरी. काळ्या मातीत तर जास्तच काळजी घ्यावी लागते, कारण ती वाळली की आकसते, भेगाळते आणि सेन्सरपासून सुटते.

जागा निवडताना बागेचा कडेचा भाग, पाइपलाइनचे टोक, झाडाखालची सावली आणि पाणी साचणारा कोपरा टाळा. सरासरी वाढीची, निरोगी वेल निवडा. ड्रिपरच्या अगदी खाली सेन्सर लावला तर जमीन कायम ओलीच दिसेल. ड्रिपरपासून १० ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

एका जागी दोन सेन्सर लावा. ठिबकवरील द्राक्षवेलीची पाणी ओढणारी मुळे प्रामुख्याने वरच्या दोन फुटांत असतात. म्हणून एक सेन्सर २० ते ३० सेंटीमीटरवर आणि दुसरा ६० सेंटीमीटरवर ठेवा. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचे, खालचा सांगतो कधी थांबायचे. प्रत्येक पाण्यानंतर खालचा सेन्सर ओला होत असेल, तर पाणी आणि त्याबरोबर टाकलेले खत मुळांच्या खाली निघून चालले आहे.

आता प्रत्यक्ष बसवणी. दाणेदार सेन्सर आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवा. सकाळी सेन्सरच्या जाडीपेक्षा थोड्या मोठ्या ऑगरने हवे तेवढे खोल भोक पाडा. निघालेली माती खोलीप्रमाणे वेगळी ठेवा, वरची वर आणि खालची खाली. तळाच्या मातीतले खडे काढून, पाणी घालून तिचा दाटसर रबडा करा आणि भोकात ओता. मग सेन्सर हळूच त्या रबड्यात दाबा, म्हणजे चहूबाजूंनी माती चिकटेल आणि पोकळी राहणार नाही. वरून उरलेली माती थराथराने भरत हलकेच दाबा. पृष्ठभागावर मातीचा छोटा उंचवटा करा, नाहीतर पावसाचे पाणी वायरच्या कडेने थेट सेन्सरपर्यंत उतरेल. वायर कडक पाइपातून न्या. उंदीर, कोळपे आणि रोटाव्हेटर हे सेन्सरचे खरे शत्रू आहेत, म्हणून जागेवर ठळक खूण करा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही ती दाखवून ठेवा.

पहिल्या दोन-तीन पाळ्यांपर्यंत माती सेन्सरभोवती बसत असते. तोवरच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

आपल्या जमिनीचे आकडे शोधा

कंपनीने दिलेले कोष्टक सरासरी मातीचे असते. आपल्या शेताच्या दोन मर्यादा आपणच काढायच्या.

वरची मर्यादा म्हणजे वाफशाचा आकडा. सेन्सरच्या जागी भरपूर पाणी द्या, जमीन दोन फुटांपर्यंत पूर्ण भिजू द्या. बाष्पीभवन होऊ नये म्हणून जागेवर प्लास्टिक अंथरा. हलक्या जमिनीत एका दिवसाने, भारी काळ्या जमिनीत दोन-तीन दिवसांनी खाली जाणारे पाणी जवळजवळ थांबते. तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. याच्या वर पाणी देणे म्हणजे ते वाया घालवणे.

खालची मर्यादा ओलाव्याच्या टक्केवारीच्या आलेखावरून कळते (सेंटीबारचा आलेख उलट, जमीन कोरडी होताना चढतो). पाण्याच्या दोन पाळ्यांमधला आलेख नीट पाहिला तर तो पायऱ्यांसारखा उतरतो. दिवसा मुळे पाणी ओढतात तेव्हा रेषा खाली येते, रात्री सपाट राहते. ऊन तेवढेच असूनही पायरीची उंची कमी होऊ लागली, तर वेलीला पाणी ओढणे जड जाते आहे. त्या पातळीच्या थोडे आधी पाणी सुरू करायचे. पाणी दिल्यानंतर लगेचच रेषा रात्रीही उतरत राहिली, तर पाणी मुळांखाली झिरपते आहे. आणि ओलावा दुपारी वाढतो, पहाटे कमी होतो असे रोज दिसले, तर बहुधा ती तापमानाची करामत आहे. विक्रेत्याला बोलवा.

कपॅसिटन्स सेन्सरची पडताळणी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेच्या मदतीने करा. सेन्सरजवळची, त्याच खोलीची माती पिशवीत घट्ट बांधून न्या. तिचे वजन करतात, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवतात, पुन्हा वजन करतात. ओली माती १३० ग्रॅम आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरली, तर वजनाने ओलावा ३० टक्के. मातीची घनता १.२ असेल तर आकारमानाने ३६ टक्के. सेन्सर त्या वेळी काय दाखवत होता ते ताडून पाहा. ओल्या, मध्यम आणि कोरड्या अशा तीन अवस्थांत हे केले की सेन्सर किती आणि कुठल्या बाजूला चुकतो ते कळते.

मोटरच्या वेळेचे गणित

सेन्सर सांगतो पाणी हवे आहे की नाही. किती हवे, ते हवामानावरून काढता येते. १९९८ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने प्रमाणित केलेली पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांवरून संदर्भ बाष्पोत्सर्जन (प्रमाणित पिकातून आणि जमिनीतून दिवसाला उडून जाणारे पाणी) काढायचे आणि त्याला पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावायचा. चांगले हवामान केंद्र पहिला आकडा स्वतःच देते.

एक हिशोब करून पाहू. समजा संदर्भ बाष्पोत्सर्जन ५ मिलिमीटर आहे आणि त्या अवस्थेचा गुणांक ०.५ आहे. वेलीची गरज २.५ मिलिमीटर. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर, म्हणून एकरी साधारण १०,१०० लिटर. बाग ९ बाय ५ फुटांची असेल तर एकरी ९६८ वेली, म्हणजे वेलीमागे साडेदहा लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर साडेअकरा लिटरच्या आसपास. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील, तर मोटर सुमारे दीड तास. अवस्थेनुसार गुणांक बदलतो. त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहा.

या गणिताने काढलेल्या वेळेनंतर खालचा सेन्सर ओला होत गेला, तर वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा. वरचा सेन्सर रोज थोडा थोडा कोरडा होत गेला, तर वाढवा. गणित आणि सेन्सर एकमेकांना सुधारत राहतात, आणि काही आठवड्यांत तुमच्या बागेपुरते नेमके वेळापत्रक तयार होते.

दुसरा निर्णय: फवारणी आज की थांबू?

ऑक्टोबरची फळछाटणी झाली, घड बाहेर पडू लागले आणि अवेळी पाऊस आला की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. डाऊनी (केवडा) रोग एका रात्रीत हंगाम घेऊन जाऊ शकतो. या भीतीपोटी कॅलेंडरनुसार फवारण्या होतात, काही गरजेच्या आणि काही नुसत्या धास्तीच्या. प्रत्येक जास्तीची फवारणी म्हणजे खर्च, फवारणाऱ्याच्या आरोग्याला धोका आणि निर्यातीत अंश सापडण्याची टांगती तलवार.

डाऊनीच्या बुरशीला बीजाणू तयार करण्यासाठी अंधार, ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि निदान चार तासांचा अवधी लागतो. मग पान काही तास ओले राहिले आणि तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असले की संसर्ग सहज होतो. पानावर तेलकट डाग मात्र काही दिवसांनी दिसतात. म्हणजे डोळ्यांना दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. इथे सेन्सर खरोखर उपयोगी पडतो. तो डाग पाहत नाही, डाग पडण्यास अनुकूल रात्र ओळखतो. भुरीचे गणित वेगळे आहे. तिला पानावर पाणी लागत नाही. ढगाळ, दमट आणि मध्यम तापमानाची हवा तिला पुरते. म्हणून एकच ‘रोगाचा धोका’ दाखवणारे ॲप घेऊ नका. प्रत्येक रोगासाठी स्वतंत्र इशारा हवा.

पर्णओलावा सेन्सर हा पानासारखा सपाट पत्रा असतो. तो हवामान केंद्राच्या खांबावर उघड्यावर लावला तर वाऱ्याने लवकर सुकतो आणि धोका कमी दाखवतो. तो मांडवात, पानांच्या मध्ये, तिरका आणि उत्तरेकडे तोंड करून बसवा. फवारणीचा थर बसला की तो फसतो. म्हणून दर फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः बोर्डो मिश्रणानंतर.

हवामान केंद्र पत्र्याचे शेड, भिंत, शेततळे आणि डांबरी रस्ता यांपासून दूर असावे. तापमानाचा सेन्सर पांढऱ्या झडपांच्या आवरणात असलाच पाहिजे. पर्जन्यमापकाजवळच्या झाडाची किंवा इमारतीची जितकी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. पर्जन्यमापकाची परीक्षा घरीच घेता येते. त्याच्या तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. तेवढे पाणी मोजून घ्या, अर्ध्या तासात बारीक धारेने ओता आणि मोबाइलवर काय दिसते ते पाहा. ९ किंवा ११ दिसले तर फरक नोंदवा, ५ दिसले तर आत कोळिष्टक किंवा पक्ष्याची विष्ठा अडकली असेल. ही परीक्षा दर महिन्याला करा.

सगळ्यांनी हवामान केंद्र घेण्याची गरजही नाही. ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे राज्यात महसूल मंडळ स्तरावर आहेत, आणि हवामान विभागाचा कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. एका शिवारातल्या आठ-दहा बागायतदारांनी मिळून एक चांगले केंद्र घेतले आणि प्रत्येकाने स्वतःच्या बागेत फक्त पर्जन्यमापक आणि पर्णओलावा सेन्सर लावला, तर खर्च वाटला जातो आणि माहिती जास्त मिळते. शिवारभर तापमान फारसे बदलत नाही, पाऊस आणि पानावरची ओल मात्र बागेगणिक बदलते.

तिसरा निर्णय: आधी कुठे जाऊ?

ऊस छातीच्या वर गेला की आत काय चालले आहे ते बांधावरून दिसत नाही. तिथे उपग्रह कामाला येतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करते. या दोहोंच्या फरकावरून एनडीव्हीआय हा निर्देशांक काढतात. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात असे चाळीस ठिपके. ‘कोपर्निकस ब्राउझर’वर मोफत नोंदणी करून आपल्या गटाचा नकाशा कोणालाही पाहता येतो.

वापरताना तीन पथ्ये पाळा. एक, बांधाला लागून असलेल्या ठिपक्यांत शेजारचे शेत, रस्ता किंवा झाडे मिसळतात, ते सोडून द्या. दोन, दाट वाढलेल्या उसात एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो आणि फरक दाखवत नाही, तेव्हा रेड-एज, म्हणजे लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरच्या प्रकाशावर आधारलेला निर्देशांक पाहा. तीन, एकट्या तारखेचा रंग वाचू नका. गेल्या महिन्याशी आणि गेल्या वर्षीच्या याच आठवड्याशी तुलना करा.

उपग्रह रोग सांगत नाही, जागा सांगतो. लाल पट्टा दिसला म्हणजे हुमणी आली असे नाही. तिथे ड्रिपर चोंदलेले असतील, लॅटरल फुटली असेल, पाणी साचले असेल किंवा मुरमाड थर वर आला असेल. नकाशातली जागा मोबाइलच्या जीपीएसने गाठा, एक बेट उपटून मुळे पाहा, मग ठरवा.

इथे सावध राहा

ऑनलाइन बाजारात नत्र, स्फुरद, पालाश लगेच दाखवणाऱ्या स्वस्त सळया मिळतात. त्यांतल्या बहुतेक मातीची विद्युत वाहकता मोजतात आणि त्यावरून तीनही आकडे अंदाजाने काढतात. त्यावर खताचा हिशोब करू नका. नायट्रेट ओळखणाऱ्या खास इलेक्ट्रोडवर जगभर चांगले संशोधन चालू आहे, पण आजच्या घडीला माती आणि देठ परीक्षणाला प्रयोगशाळेशिवाय पर्याय नाही.

पानाचा फोटो काढून रोग सांगणाऱ्या ॲपबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात ५४ हजारांहून अधिक पानांच्या छायाचित्रांवर संगणकाला शिकवले गेले. त्याच संचातली बाजूला ठेवलेली छायाचित्रे दाखवली तेव्हा त्याने ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ओळख केली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. तंत्र त्यानंतर सुधारले आहे, तरी धडा कायम आहे. जाहिरातीतली अचूकता कोणत्या शेतातल्या, कोणत्या वाणाच्या फोटोंवर मोजली, हे विचारा. ॲपचे उत्तर हे एक मत समजा आणि औषध आणण्याआधी तज्ज्ञाला दाखवा.

विक्रेत्याला हे विचारा

- सेन्सर आमच्यासारख्या काळ्या किंवा क्षारपड जमिनीत पडताळलेला आहे का? कोणी पडताळला, नोंदी दाखवा.
- माहिती सिमकार्डवरून जाते की लोरा रेडिओवरून? सिम असेल तर कोणत्या नेटवर्कचे, आणि रिचार्ज कोणी करायचा? लोरा भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय चालते, पण दाट बागेत आणि उंचसखल रानात पल्ला कमी होतो. आमच्या शेतात चालवून दाखवा.
- पहिल्या वर्षानंतर वार्षिक शुल्क किती? ते भरले नाही तर आकडे दिसायचे बंद होतात का?
- गेल्या हंगामाचे सगळे आकडे मला फाइलमध्ये उतरवून घेता येतात का?
- बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येतो? सुटे भाग तालुक्याला मिळतात का?
- माझ्या शेताची माहिती आणखी कोणाला देता? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत मागा आणि वाचा.

या प्रश्नांना लेखी उत्तरे मिळत नसतील, तर घाई करू नका.

पहिला हंगाम असा काढा

सगळ्या बागेत एकदम यंत्रणा बसवू नका. एक प्लॉट निवडा. त्याचे सारखे दोन भाग करा. एका भागात नेहमीच्या पद्धतीने पाणी आणि फवारणी, दुसऱ्यात सेन्सरच्या आधाराने. दोन्हीकडे पाण्याचे मीटर लावा. ते सेन्सरइतकेच महत्त्वाचे आहे, कारण मीटर नसेल तर पाणी वाचले हे नुसते बोलणे होईल. एका वहीत रोज चार रकाने भरा: तारीख, सेन्सरने काय सांगितले, मी काय केले, आणि तसे का केले. शेवटचा रकाना टाळू नका. सेन्सरचे न ऐकता पाणी दिले असेल तर कारण लिहा. बऱ्याचदा तुमचा अनुभव बरोबर निघेल आणि सेन्सरची जागा चुकीची असल्याचे कळेल. काही वेळा उलटेही होईल.

हंगामाच्या शेवटी दोन्ही भागांचे पाणी, फवारण्या, उत्पादन, मण्यांचा आकार आणि साखर यांची तुलना करा. एका वर्षाच्या आकड्यांवर फार मोठा निष्कर्ष काढू नका, पण कोणता निर्णय सुधारला हे तेवढ्यातही कळते. तो निर्णय ज्या सेन्सरमुळे सुधारला तोच पुढच्या वर्षी वाढवा. बाकीचे नाही वाढवले तरी चालेल.

आणि एक काम सर्वांनी मिळून करण्याचे आहे. तुमच्या शिवारातल्या मातीचा वाफशाचा आकडा, पाणी सुरू करण्याचा आकडा, कोणता सेन्सर किती चुकतो याची पडताळणी, हे सारे कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत मिळणार नाही. ते तुम्हीच काढायचे आहे. काढलेत की गटात वाटा, शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात लावा, कृषी विज्ञान केंद्राला द्या. दहा बागांचे असे आकडे एकत्र आले की अकराव्या शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून योग्य जागी, योग्य आकड्यावर काम सुरू करता येईल. उद्या कोणतेही नवे ॲप किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा गावात आली, तर तिची परीक्षा घ्यायला गावाजवळ स्वतःचे माप असेल. ते माप तयार करण्याचे काम या हंगामापासून सुरू करा.